३० नोव्हेंबरला किल्ली: भाड्याच्या वाड्यात आणखी सहा महिने कसे मागायचे

प्रश्न: आम्ही यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहतो. जुनं मातीचं घर पाडून त्याच जागी नवं बांधायला काढलं, म्हणून गेल्या १ जुलैपासून गावातलाच एक वाडा भाड्यानं घेतला. मी, हे, सासूबाई आणि दोन मुलं. वाडा तीन भावांचा. थोरले काकाजी गावातच, मुलाजवळ मळ्यातल्या घरी राहतात. मधले नागपूरला, धाकटे पुण्याला. भाडं ४,५००, अनामत २०,०००. स्टॅम्प पेपरवर अकरा महिन्यांचं लिहिलं, ते ३१ मेला संपतं. आता एप्रिल लागला आणि आमचं बांधकाम स्लॅबपाशीच अडलं आहे. दिवाळीपर्यंत राहू द्या, असं हे काकाजींना पानठेल्यावर बोलले. ते "पाहू" म्हणाले. दोन दिवसांनी पुण्याहून फोन आला, राहायचं तर ७,००० द्या. त्यांच्या महालक्ष्म्या (भाद्रपदातल्या गौरी) याच वाड्यात बसतात. मागच्या वर्षी त्या वेळी जागेवरून जरा कुरबूर झाली. छपराचे कवेलू (कौलं) दोन ठिकाणी गळतात. ऐन पावसाळ्याच्या तोंडावर बाहेर काढलं तर जायचं कुठं? बोलावं कसं, किती द्यावं, कागद कसा करावा?

उत्तर:

ताई, ७,००० चा आकडा तूर्त बाजूला ठेवा. तो भाड्याचा आकडा नाही, धास्तीचा आहे. तिघा भावांचा सामायिक वाडा, दोघं गावाबाहेर, आणि भाडेकरू मोघमात "दिवाळीपर्यंत" म्हणतो. अशा वेळी पुण्यात बसलेल्या माणसाला एकच दिसतं: आज दिवाळी म्हणतात, मग संक्रांत म्हणतील, मग पोरांच्या परीक्षा येतील. त्यात गावोगाव एक समज पक्का बसलेला आहे, की बारा वर्षं राहिलं की घर भाडेकरूचं होतं. तसं होत नाही. मालकाच्या परवानगीनं राहणाऱ्याचा ताबा हा विरोधी कब्जा ठरत नाही, मग वर्षं कितीही होवोत. पण समज आहे, आणि तुमची बोलणी त्या समजाशी आहेत. म्हणून तुम्ही काकाजींकडे मुदतवाढ मागायला जाऊ नका, घर सोडण्याची पक्की तारीख द्यायला जा. वाढीव महिने त्या तारखेच्या पोटात येतात.

तर आधी तारीख काढा. ठेकेदाराला विचारून नाही. तो "ऑगस्टात देतो" असंच म्हणेल. हिशेब स्वतः मांडा. स्लॅब एप्रिल संपता संपता पडला असं धरा. आयएस ४५६ या भारतीय मानकाप्रमाणे साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याखालचे (दोन आधारांमधल्या अंतराखालचे) टेकू ७ दिवसांनी आणि त्याहून मोठ्याचे १४ दिवसांनी काढता येतात. आपल्याकडचे मिस्त्री सेंटरिंग १५ ते २१ दिवस ठेवतात, आणि मे महिन्याच्या उन्हात तेच बरं. पाणी मारायला त्याच महिन्यात बोअर आटतात, तेव्हा टँकरचा खर्च आणि खोळंबा धरा. मे अखेरीला आतल्या भिंती. जून निम्मा झाला, पाऊस लागला, की तुमचे मजूर पेरणीवर जातात, मग डवरणी, निंदणावर. गावातला मजूर बांधकामावरून शेतात गेला की त्याला ठेकेदारही परत आणू शकत नाही. जुलै-ऑगस्टात आतलं प्लास्टर, लाइटची पाइपलाइन, नळ एवढं होतं. बाहेरचं प्लास्टर पावसात करायचं नाही. प्लास्टरवर आठवडाभर पाणी, मग ते महिनाभर वाळू द्यायचं. ओल्या भिंतीवर पुट्टी मारली की पुढच्या उन्हाळ्यात पोपडे निघतात. फरशी, दारं, संडास-न्हाणी हे सप्टेंबर. ऑक्टोबरात सोयाबीनची सोंगणी आणि मागोमाग कापसाची वेचणी, म्हणजे मजूर पुन्हा गायब. एवढं सगळं सुरळीत झालं तर घर ऑक्टोबर अखेर राहण्याजोगं होतं.

यात एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही, पण ती येणार. सासूबाई वास्तुशांतीशिवाय नव्या घरात पाऊल टाकतील का? आषाढी ते कार्तिकी एकादशी हा चातुर्मास. पुष्कळ घरांत या काळात वास्तू करत नाहीत. घर सप्टेंबरात तयार झालं तरी मुहूर्तासाठी दोन महिने थांबावं लागलं, असं होऊ शकतं. हे आजच घरात बोलून घ्या. कार्तिकी एकादशी बहुतेक वर्षी नोव्हेंबरात येते, कधी ऑक्टोबरच्या शेवटी. म्हणून तुमची तारीख ३० नोव्हेंबर. १ जूनपासून बरोबर सहा महिने. "दिवाळी" हा शब्द कागदावर आणि तोंडीही टाळा, कारण ती एका वर्षी ऑक्टोबरच्या मध्यात येते तर दुसऱ्या वर्षी नोव्हेंबरच्या मध्यात, आणि तेवढ्यावरून भांडण होतं.

तारीख हाती आली की बोलायचं कोणाशी, हे ठरवा. ग्रामपंचायतीत जाऊन त्या घराचा नमुना ८ पाहून घ्या. हा घरांच्या कर आकारणीचा नमुना. तलाठ्याकडचा ८-अ शेतजमिनीचा असतो, त्याच्याशी गल्लत नको. वाडा अजून त्यांच्या वडिलांच्याच नावावर असेल तर तिघं भाऊ, आणि बहिणी असतील तर त्याही, हिस्सेदार आहेत. याचा अर्थ सगळ्यांच्या दारात जायचं असा नाही. बोलणी एकाशीच, काकाजींशी. पण होकार सगळ्यांचा हवा, आणि तो लेखी हवा. मोठ्याला भाडं दिलं आणि धाकट्यानं "मला कोणी विचारलं?" म्हणत पावसाळ्यात वाद काढला, हे एकत्र कुटुंबाच्या घरात नेहमीचं आहे.

पुण्याच्या फोनला उत्तर द्यायचं ते असं, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर, म्हणजे नोंद राहते: "दादा, तुमचा निरोप मिळाला. आम्ही ३० नोव्हेंबरला वाडा रिकामा करून देणार आहोत. भाड्याचं आणि कागदाचं काकाजींसोबत बसून बोलतो. तुम्ही तिघांनी मिळून जे ठरवाल ते एकदाच सांगा, म्हणजे गैरसमज नको." एवढंच. फोनवर आकडा बोलू नका. फोनवर ५,५०० म्हणालात की काकाजींकडची बोलणी ५,५०० पासूनच सुरू होतात.

पानठेल्यावर बोलणं ही चूक झाली, पण भरून निघणारी आहे. चार माणसांत विचारलं की मालक "पाहू" शिवाय दुसरं काय म्हणणार? आता मळ्यात जा, दोघंही, संध्याकाळी, कामं आटोपल्यावर. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच. मालकाला दुसरा भाडेकरू पाहायला किंवा भावांशी बोलायला दीड महिना मिळाला पाहिजे. मेच्या पंचविशीला गेलात तर ती विनंती राहत नाही, अडवणूक वाटते.

पण जाण्याआधी वाड्यात एक फेरी मारा, मालकाच्या नजरेनं. कूलर कुठं बसवला आहे? खिडकीला टेकून असेल तर खालची भिंत पाहा. पांढऱ्या मातीची भिंत कूलरच्या ठिबकणाऱ्या पाण्यानं खालून ओली होते, पोपडे सुटतात, बोटानं टोकरलं तर माती हाती येते. मालक घरात शिरला की त्याची नजर आधी तिथं जाते आणि पुढचं सगळं बोलणं त्या ओलीवरून होतं. स्टँड भिंतीपासून फूटभर सरकवा, पाण्याचा निचरा पाइपनं बाहेर काढा, ओल वाळली की तेवढा भाग लिंपून घ्या. सांदवाडीत (परसात) साठलेलं बांधकामाचं सामान, लोखंड, सिमेंटचे कट्टे असतील तर तेही तुमच्या जागेवर हलवा. लाइट बिलाच्या आणि भाड्याच्या सगळ्या पावत्या एका पिशवीत घ्या. आजवर एकही थकबाकी नाही, हे तोंडानं सांगण्यापेक्षा पावत्या समोर ठेवलेल्या बऱ्या.

बोलायची सुरुवात अशी करता येईल: "काकाजी, आमचं काम लांबलं जी. पण उगाच आज-उद्या करणार नाही. ३० नोव्हेंबरला किल्ली तुमच्या हातात देतो, कागदावर लिहून. तोवर तुमच्या महालक्ष्म्या, तुमचा कापूस, कशाची अडचण होऊ देत नाही. तुमची काय काळजी असंन ते सांगा." मग थांबा. ते बोलू द्या. बहुतेक वेळा इथंच कळतं की मालकाला पैसे हवेत, जागा हवी की फक्त खात्री हवी.

त्यांच्या तीन गरजा तर आत्ताच दिसतात, आणि तिन्ही तुम्ही भागवू शकता.

पहिली म्हणजे महालक्ष्म्या. मागच्या वर्षीची कुरबूर विसरली गेली असं समजू नका. भाड्यापेक्षा ती मोठी आहे. त्यांनी मागायच्या आधी तुम्ही द्या. आवाहन, जेवण, विसर्जन हे तीन दिवस, त्याआधी मांडणी-सफाईचे दोन आणि नंतर आवराआवरीचा एक, असे सहा दिवस माजघर आणि स्वयंपाकघर पूर्ण त्यांचं. तुमची चूल तेवढे दिवस मागच्या पडवीत. सोळा भाज्या, आंबील, पुरण करायला बारा-पंधरा बाया एका वेळी त्या स्वयंपाकघरात असतात. तुमचा फ्रिज आणि डब्यांची मांडणी मध्ये नको. हे बोलणं काकाजींशी नाही, काकूंशी करा, आणि ते तुम्ही करा, यांनी नको. पाणी आणि लाइट त्या दिवसांचं कोणी द्यायचं हेही तेव्हाच ठरवा, कारण वीस-पंचवीस माणसांनी सहा दिवस मोटार आणि पंखे चालवले तर त्या महिन्याचं बिल चढतं. महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्यानं वाढतो: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, पुढे आणखी महाग. मीटर एकच असेल तर दोन कुटुंबांचा वापर एकत्र मोजला जातो आणि दोघांचीही युनिटं वरच्या टप्प्यात जातात. सण सुरू व्हायच्या आदल्या सकाळी आणि संपल्यावर मीटरचा फोटो काढा. मग हवं तर सोडून द्या. पण आकडा माहीत असून सोडलेलं बरं.

दुसरी गरज माल ठेवायची. दसऱ्यानंतर सोयाबीन, मग कापूस घरात येतो. ओसरीलगतची पुढची खोली १ ऑक्टोबरला मोकळी करून देऊ, असं स्वतःहून सांगा. तुम्हाला त्या खोलीविना दोन महिने दाटी होईल, पण मालकाच्या हाती घराचा एक भाग आधीच परत येतो आणि ३० नोव्हेंबरवरचा त्याचा विश्वास वाढतो. कापसाच्या खोलीत आग लागण्याची भीती असते, म्हणून त्या खोलीतून तुमचं वायरिंग, इन्व्हर्टर, देवाचा दिवा जात नाही ना, तेवढं पाहा.

तिसरी गरज मे महिन्यातली रोकड. बियाणं, खत, ट्रॅक्टरची मशागत, सगळं मृगाच्या आधी लागतं आणि त्याच वेळी शेतकऱ्याच्या हाती पैसा नसतो. तीन महिन्यांचं भाडं आगाऊ दिलं तर काकाजींसाठी ते ७,००० च्या हट्टापेक्षा कामाचं आहे. मात्र अगोदर कागद, मग आगाऊ रक्कम. आणि ती जून, जुलै, ऑगस्टचं भाडं म्हणूनच दिली असं कागदात लिहा. नुसतं "१५,००० दिले" लिहिलं तर चार महिन्यांनी ती अनामत होती की भाडं होतं, यावर वाद होतो. खात्यावर पाठवा, शेऱ्यात महिने लिहा.

आता आकड्याकडे येऊ. ४,५०० वरून ७,००० म्हणजे सुमारे ५६ टक्के वाढ. कराराच्या नूतनीकरणात साधारण ५ ते १० टक्के वाढ मागतात. तुम्ही ५,००० पासून सुरुवात करा. ती अकरा टक्के झाली, आणि वर तीन महिन्यांचे आगाऊ. तुमची वरची मर्यादा मात्र आधीच काढून ठेवा, आणि ती अशी निघते: आत्ता बाहेर पडलात तर सामान एकदा जास्त हलवावं लागेल. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या फेऱ्या, हमाली, पंखे-कूलर-इन्व्हर्टर काढून बसवणं, डिश, दुसऱ्या भाड्याच्या घराची रंगरंगोटी, मोडतोड. समजा हे १२,००० झालं. सहा महिन्यांवर वाटलं तर महिन्याला २,०००. म्हणजे तेवढ्याच भाड्याचं दुसरं घर मिळालं तरी इथं ६,५०० पर्यंत देणं तोट्याचं नाही. ही मर्यादा फक्त तुम्हा दोघांना माहीत हवी. आमच्या मते ५,५०० च्या पुढे जाऊ नये, आणि ५,५०० द्यायची वेळ आली तर कवेलू फेरण्याचा खर्च मालकाकडे, अशी अदलाबदल करावी.

पुण्याच्या ७,००० ला नकार देऊ नका, त्याला जागा द्या. १ जून ते ३० नोव्हेंबर ५,०००, आणि त्यानंतर राहिलो तर डिसेंबरचे ७,०००, तेही ३१ डिसेंबरपर्यंतच. धाकट्या भावाचा आकडा कागदावर आला, त्याचा मान राहिला, आणि तुम्ही वेळेवर निघालात तर तो एक रुपयाही द्यावा लागत नाही. शहरांत मुदत संपल्यावर घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट दरानं भरपाई घेण्याची तरतूद महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम २४ मध्ये आहेच. त्या मानानं हे सौम्य आहे.

कागदाबद्दल थोडं सविस्तर, कारण घोळ इथंच होतो. अकरा महिन्यांची प्रथा पडली ती एक वर्षावरच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असल्यामुळे. त्यातून "अकरा महिन्यांचं आहे, स्टॅम्पवर आहे, नोटरी केली, झालं" असा समज झाला. नोटरी म्हणजे नोंदणी नाही. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, तो करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची, आणि न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हा अधिनियम त्याच्या अनुसूचीतल्या, मुख्यतः शहरी, क्षेत्रांसाठी आहे. तुमचं गाव त्यात येतं का, हे तालुक्याच्या वकिलाकडे एकदा विचारून घ्या. येत नसेल तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ पाहावा लागतो. त्यात मुदत संपल्यावर मालक भाडं घेत राहिला तर करार महिन्या-महिन्याचा होतो आणि तो १५ दिवसांच्या नोटिशीनं संपवता येतो. म्हणजे "पाहू" वर भरवसा ठेवून जूनचं भाडं देत राहिलात तर ऐन ऑगस्टात पंधरा दिवसांत निघा म्हणता येईल. जुन्या कागदाचं नाव "लीव्ह अँड लायसन्स" (म्हणजे नुसती राहण्याची परवानगी) असेल तर एवढाही आधार पक्का नाही. म्हणून जुन्याच स्टॅम्पच्या मागे "सहा महिने वाढवले" असं लिहून घेऊ नका. नवा करार करा.

नोंदणीचा खर्च ऐकून लोक दचकतात, कारण एजंटची फी सरकारी फीपेक्षा जास्त असते. लीव्ह अँड लायसन्स कराराचं मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, आणि ते निघतं कशावर? सहा महिन्यांचं भाडं ३०,०००. शिवाय परत मिळणाऱ्या २०,००० अनामतीवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, सहा महिन्यांचे १,०००. एकूण ३१,००० वर ७७ रुपये ५० पैसे. ते वरच्या पूर्ण रकमेत धरतात. ग्रामीण भागात नोंदणी फी ५००. दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन किंवा ऑनलाइन करता येतं. ऑनलाइनला आधार आणि अंगठा लागतो, दोन साक्षीदार लागतात, आणि नागपूर-पुण्याच्या भावांना गावी यावं लागत नाही. तेही जमत नसेल तर दोघा भावांनी काकाजींच्या नावे संमतिपत्र लिहून पाठवावं आणि करार काकाजींनी करावा. खर्च निम्मा-निम्मा म्हणा. अडून बसले तर पूर्ण तुम्ही द्या. एवढ्या रकमेसाठी बोलणी मोडण्यात अर्थ नाही.

मालकाला हा कागद का हवा, हे त्यांना समजावून द्या. लीव्ह अँड लायसन्समध्ये भाडेकरूला घरात राहण्याची परवानगी मिळते, घरावर हक्क मिळत नाही. हे वाक्य करारात असूच द्या. आणखी एक वाक्य तुमच्याकडून घाला, वकील सहसा घालत नाही: "आम्ही ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये भोगवटादार म्हणून आमचं नाव लावून घेणार नाही, तसा अर्ज करणार नाही." त्या नमुन्यात मालकाच्या नावाशेजारी भोगवटा करणाऱ्याचा रकाना असतो, आणि गावाबाहेर राहणाऱ्या भावांची झोप त्या रकान्यानं उडते. आधार, रेशन कार्ड, गॅस, कशावरही वाड्याचा पत्ता टाकू नका. तुमचं स्वतःचं घर त्याच गावात आहे, तोच पत्ता ठेवा.

बाकी कलमं थोडक्यात. भाडं दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत, काकाजींच्याच खात्यावर. घरपट्टी मालकाची, पाणीपट्टी आणि लाइट बिल तुमचं. अनामत आहे तीच पुढे चालू, किल्ली देण्याच्या दिवशी परत, शेवटच्या महिन्याच्या भाड्यात वळती करायची नाही. हे तुम्हाला गैरसोयीचं वाटेल, पण ऑक्टोबर-नोव्हेंबरचं भाडं थांबवून "अनामतीतून कापा" म्हणणारा भाडेकरू घर सोडणारच नाही, असं मालक धरून चालतो. बंद ठेवलेली देवाची खोली, असेल तर, करारात वेगळी दाखवा.

कवेलूंचं मात्र कराराची वाट न पाहता बोला. कवेलू फेरायचे ते मेच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. पाऊस लागल्यावर वर माणूस चढवला तर ओले कवेलू पायाखाली फुटतात आणि दोन ठिकाणची गळती दहा ठिकाणी होते. आत्ताच आत फिरून भिंतीवरचे मागच्या पावसाचे ओघळ पाहा. गळती दिसते त्याच्या बरोबर वर नसते, उताराच्या वरच्या बाजूला हात-दोन हात असते, कारण पाणी वाशावरून घसरत येतं. तिथं खडूनं खूण करा. कामाला जाणकार माणूस हवा: वळचणीकडून सुरुवात, एकेक ओळ काढायची, पालापाचोळा झाडायचा, फुटके बाजूला करायचे, वरची ओळ खालच्यावर नीट चढवून परत लावायची. गावात वांदरांचा त्रास असेल तर पोळ्यापर्यंत पुन्हा काही कवेलू सरकतील, तेव्हा पंचवीस-तीस कवेलू जादा आणून सांदवाडीत ठेवा. खर्चाची वाटणी सोपी: कवेलू मालकाचे, मजुरी तुमची, आणि कवेलूंवर तुम्ही केलेला खर्च ठरलेल्या मर्यादेपर्यंत, समजा ३,०००, भाड्यातून वळता. मर्यादा लिहिली नाही तर तुम्ही सहा हजार लावाल आणि ते म्हणतील, कोणाला विचारून? स्वतःच्या खर्चानं टिनं टाकू नका. चांगल्या हेतूनं टाकलेली टिनंही भावांना हक्काची खूण वाटतात, आणि जाताना काढून नेली तर वाडा उघडा पडतो. फार गळत असेल तर पावसाळ्यापुरती ताडपत्री.

कराराच्या दिवशी सगळ्या खोल्या, दारं, मोटार, टाकी, छत यांचा एक सलग व्हिडिओ काढा आणि तिघा भावांना पाठवा. मीटरचं रीडिंग त्यात येऊ द्या.

एवढं करूनही नाही म्हणाले तर? नाही म्हणण्याचा हक्क त्यांना आहे. कायद्याच्या वाटेशिवाय कोणी तुमचं सामान बाहेर काढू शकत नाही. जबरदस्तीनं काढलं तर विशिष्ट अनुतोष अधिनियम १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागता येतो. पण हे माहीत असू द्या, बोलू नका. त्याच गावात तुम्हाला जन्मभर राहायचं आहे. त्याऐवजी लहान मागणी करा: सहा महिने नाही, तर ३० जून. त्या एका महिन्यात स्वतःच्या घराच्या दोन खोल्या, संडास आणि ओटा एवढंच राहण्याजोगं करायचं. प्लास्टर न झालेल्या पण दार-खिडक्या लागलेल्या स्लॅबच्या खोलीत पावसाळा काढता येतो. रंग आणि फरशी मागून होते. लाइटसाठी बांधकामाच्या तात्पुरत्या मीटरवर राहू नका, घरगुती जोडणीचा अर्ज आत्ताच करून ठेवा. वास्तुशांतीचा प्रश्न सासूबाईंसमोर तेव्हा वेगळ्या रीतीनं मांडावा लागेल. आधी साधी गणेशपूजा करून राहायला जाणं आणि वास्तू कार्तिकीनंतर करणं, याला बरेच गुरुजी हरकत घेत नाहीत. विदर्भात शाळा उन्हामुळे उर्वरित राज्यापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, तेव्हा सामान हलवायचं ते त्याआधी, पाऊस बसण्यापूर्वी, आणि धान्याचे कट्टे सगळ्यात आधीच्या फेरीत.